छोटी एसएसडी भरलेला लॅपटॉप: काय बदलायचं, कसं बदलायचं

तुमची अडचण थोडक्यात अशी: लॅपटॉप पाच-सहा वर्षांचा, त्यात १२८ जीबीची एम.२ एसएसडी आणि तिच्यावर विंडोज, शिवाय १ टीबीची फिरती हार्ड डिस्क. सी ड्राइव्हची पट्टी कायम लाल. मोठं अपडेट आलं की जागा नाही म्हणून अडतं, आणि डी ड्राइव्हवर मात्र अर्ध्याहून जास्त जागा रिकामी पडून आहे. हार्ड डिस्क काढून तिथे मोठी एसएसडी लावावी की छोटी एसएसडीच बदलावी, आणि विंडोज व सगळे प्रोग्राम पुन्हा न टाकता हे जमेल का, असं तुम्ही विचारलं आहे.

छोटी एसएसडीच बदला. हार्ड डिस्क सध्या आहे तिथे राहू द्या. विंडोज पुन्हा टाकावं लागणार नाही. मात्र एकही स्क्रू काढण्याआधी तुमचा लॅपटॉप नेमका कोणत्या डिस्कवरून सुरू होतो ते बघून घ्या. विंडोज एसएसडीवर आहे म्हणजे लॅपटॉप एसएसडीवरूनच सुरू होतो असं आपण धरून चालतो, आणि या कामात लोक अडकतात ते बहुतेक इथेच. त्यावर पुढे सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते या सगळ्यात तोच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे.

आधी जागा जाते कुठे ते पाहू. खोक्यावर १२८ जीबी लिहिताना कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणून तीच एसएसडी तिथे ११९ जीबी दिसते. त्यातून ईएफआय (लॅपटॉप सुरू करायच्या फाइल) आणि रिकव्हरी (दुरुस्तीची साधनं) ही दोन लहान पार्टिशनं, म्हणजे डिस्कचे वेगळे राखलेले भाग, वजा होतात. मग खुद्द विंडोज. मग हायबरनेशनची फाइल (लॅपटॉप बंद करताना रॅममधलं काम जपून ठेवणारी), जी विंडोज १० आणि ११ मध्ये सहसा रॅमच्या ४० टक्के असते. १६ जीबी रॅम असेल तर साडेसहा जीबीच्या आसपास. पेजफाइल, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची फाइल, वेगळी. अपडेटसाठी विंडोज साधारण ७ जीबी राखून ठेवतं, तेही वेगळं. मोठं अपडेट झालं की जुनं विंडोज दहा दिवस एका बाजूच्या फोल्डरमध्ये तसंच राहतं. तुम्ही एकही फोटो ठेवला नाहीत तरी चाळीस-पन्नास जीबी अशी सहज निघून जाते. उरलेल्यात ब्राउझर, ऑफिस, एखादा मोठा प्रोग्राम आणि डाउनलोड आले की पट्टी लाल व्हायला वेळ लागत नाही.

जागा संपली की फाइल मावत नाहीत हे तर झालंच, पण भरलेली एसएसडी हळूही होते, आणि ते का होतं हे कळलं तर पुढची खरेदी करताना उपयोग होईल. एसएसडीच्या चिपवर लिहिणं ‘पेज’च्या हिशेबाने होतं, एक पेज म्हणजे काही किलोबाइट. पुसणं मात्र ‘ब्लॉक’च्या हिशेबाने होतं, आणि एका ब्लॉकमध्ये शेकडो पेज असतात. एकदा लिहिलेल्या पेजवर थेट पुन्हा लिहिता येत नाही, आधी तो अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. त्या ब्लॉकमध्ये कामाचा डेटा असेल तर कंट्रोलर, म्हणजे एसएसडीचा कारभार बघणारी चिप, तो उचलून दुसऱ्या मोकळ्या ब्लॉकमध्ये नेऊन ठेवतो आणि मग पुसतो. सामानाने गच्च भरलेल्या खोलीत एक कपाट सरकवायचं तर आधी चार वस्तू दाराबाहेर काढाव्या लागतात, तसं. मोकळी जागा भरपूर असेल तर हे काम मागच्या मागे होत राहतं, तुम्हाला कळतही नाही. जागा संपत आली की तुम्ही एक फाइल सेव्ह करता आणि आत तिच्या कितीतरी पट डेटाची हलवाहलव चाललेली असते. शिवाय आजच्या बहुतेक एसएसडी मोकळ्या जागेचाच काही भाग वेगाने लिहिण्यासाठी तात्पुरता वापरतात. जागा गेली की तोही आकसतो. म्हणून मी नेहमी १५ ते २० टक्के जागा मोकळी ठेवायला सांगतो. १२८ जीबीच्या एसएसडीत एवढी जागा कायम मोकळी ठेवणं म्हणजे रोजची कसरत.

लहान एसएसडीत चिपही कमी असतात. कंट्रोलर एकाच वेळी अनेक चिपवर लिहून वेग काढतो, त्यामुळे एकाच मॉडेलमध्ये १२८ जीबीची लिहिण्यात मागे पडते आणि ५०० जीबीची पुढे जाते. आयुष्याचंही तसंच. सॅमसंगच्या ८६० ईव्हीओ या मालिकेचं उदाहरण घ्या: २५० जीबीच्या एसएसडीवर एकूण १५० टीबी लिहून होईपर्यंत वॉरंटी होती, ५०० जीबीसाठी ३०० टीबी, आणि १ टीबीसाठी ६०० टीबी. जागा दुप्पट, आयुष्यही दुप्पट. तुमच्या छोट्या एसएसडीने इतकी वर्षं भरलेल्या अवस्थेत काम केलं आहे, म्हणूनही तिला आता मोकळं करणं योग्य आहे.

नवी एसएसडी येईपर्यंत थोडा दिलासा हवा असेल तर सेटिंग्जमधल्या स्टोरेजमध्ये जाऊन तात्पुरत्या फाइल आणि जुनं विंडोज काढून टाका. हायबरनेशन वापरत नसाल तर बंद करा, तेवढ्याने काही जीबी एका झटक्यात सुटतात. डाउनलोड, पिक्चर्स, व्हिडिओज ही फोल्डरं प्रॉपर्टीजमधल्या लोकेशन टॅबमधून डी ड्राइव्हवर हलवता येतात. मात्र तिथे प्रत्येकासाठी आधी वेगळं फोल्डर बनवा आणि त्याचाच पत्ता द्या. नुसता ‘डी’ असा पत्ता दिला तर विंडोज अख्ख्या डी ड्राइव्हलाच तुमचं डाउनलोड फोल्डर समजायला लागतं, आणि ते पूर्ववत करताना फार डोकेदुखी होते. विन-एसएक्सएस नावाचं भलंमोठं फोल्डर दिसलं तर त्यातलं काही हाताने पुसू नका. त्यातल्या पुष्कळशा फाइल इतर ठिकाणच्याच फाइलींची दुसरी नावं असतात, त्यामुळे ते दिसतं तेवढी जागा खरोखर खात नाही, आणि त्यातलं चुकीचं काही गेलं तर अपडेट कायमची बिघडतात. प्रोग्राम फाइल्स उचलून डीवर नेण्याचे उपाय लोक सांगतात, त्यांच्याही वाटेला जाऊ नका.

आता नवी एसएसडी कोणती घ्यायची. एम.२ हे फक्त आकाराचं आणि खाचेचं नाव आहे. त्या खाचेतून साटा (जुनी, हळू पद्धत) बोलतंय की एनव्हीएमई (नवी, वेगवान), हा वेगळा प्रश्न आहे आणि गोंधळ इथे होतो. दोन्ही प्रकारच्या एसएसडी दिसायला सारख्या, दोन्ही २२ मिलिमीटर रुंद. साटाची वेगमर्यादा सेकंदाला साधारण ५५० एमबी. चार लेनची (डेटाच्या चार वाटा असलेली) तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई साडेतीन हजार एमबीपर्यंत जाते, चौथ्या पिढीची सात हजारांच्या आसपास. काही लॅपटॉपचा स्लॉट फक्त साटा ओळखतो, काहींचा फक्त एनव्हीएमई, काहींचा दोन्ही. चुकीची आणली तर ती नीट बसते, स्क्रूही लागतो, आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये, काहीच दिसत नाही. लोकांना वाटतं एसएसडी खराब निघाली.

ओळखायचं कसं? आत्ता बसवलेल्या एसएसडीचा मॉडेल नंबर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्क ड्राइव्ह्जखाली दिसतो. तो शोधला की ती साटा आहे की एनव्हीएमई हे कळतं, आणि तुमचा स्लॉट निदान तो प्रकार घेतो याची खात्री होते. दुसऱ्या प्रकाराची घ्यायची असेल तर लॅपटॉपच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असल्याशिवाय घेऊ नका. एसएसडीच्या सोनेरी दातांकडे बघितलं तर साटावालीत सहसा दोन खाचा असतात आणि एनव्हीएमईत एक. ही खूण बहुतेक वेळा खरी ठरते, पण माझा भरवसा मॅन्युअलवर जास्त. लांबीही बघा. २२८० म्हणजे ८० मिलिमीटर लांब, २२४२ म्हणजे ४२, २२३० म्हणजे ३०. मोठी लहान जागेत जाणार नाही; लहान मोठ्या जागेत जाते, फक्त स्क्रूची जागा जुळायला हवी. लॅपटॉप फार पातळ असेल तर एकाच बाजूला चिप असलेली एसएसडी घ्या. दोन्ही बाजूंना चिप असलेली खाली मदरबोर्डला टेकू शकते.

क्षमता विचाराल तर ५०० जीबीच्या खाली जाऊ नका, आणि झेपत असेल तर १ टीबी. चिप टीएलसी असावी, म्हणजे एका पेशीत तीन बिट साठवणारी; क्यूएलसीत चार असतात. क्यूएलसी वाईट नाही, पण सलग मोठं लिहिताना ती लवकर दमते आणि बूट ड्राइव्हसाठी माझी पसंती टीएलसीलाच आहे. स्वतःची डीरॅम (एसएसडीतली छोटी रॅम) नसलेली एनव्हीएमई चालेल, ती लॅपटॉपच्या रॅममधला छोटा तुकडा वापरून घेते. डीरॅम नसलेली साटा मात्र मी घेणार नाही, कारण तिला ती सोय नाही. सात हजारांच्या वेगासाठी जास्त पैसे मोजू नका. तुमच्या लॅपटॉपचा स्लॉट तिसऱ्या पिढीचा असेल तर तो वेग मिळणारच नाही, आणि विंडोज सुरू होण्यात किंवा फाइल उघडण्यात फरक जाणवतही नाही. तुम्हाला फरक जाणवणार आहे तो मोकळ्या जागेचा.

हे उत्तर दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडावं म्हणून सांगतो: लॅपटॉपमध्ये १६, २४ किंवा ३२ जीबीची एसएसडी दिसत असेल तर ती बहुधा बूट ड्राइव्ह नसून हार्ड डिस्कचा वेग वाढवणारी कॅश आहे. इंटेलची ऑप्टेन मेमरी त्यातलीच. ती काढण्याआधी इंटेलच्या रॅपिड स्टोरेज प्रोग्राममधून तिची जोडी सोडवा, नाहीतर हार्ड डिस्कवरचं विंडोजच सुरू होणार नाही. आणि ३२ किंवा ६४ जीबीची ‘ईएमएमसी’ असेल तर ती मदरबोर्डवर डाग देऊन चिकटवलेली असते, बदलता येत नाही. तिथे दुसरा एम.२ स्लॉट किंवा अडीच इंची जागा आहे का तेच बघायचं.

आता तो बूटचा मुद्दा.

काही वर्षांपूर्वी माझ्या नात्यातल्या एकाने तुमच्यासारखाच लॅपटॉप आणून दिला. हार्ड डिस्क खरखर करत होती, विंडोज एसएसडीवर होतं. मी हार्ड डिस्कमधल्या फाइल दुसरीकडे उतरवल्या, डिस्क काढली, लॅपटॉप सुरू केला. काळा पडदा, आणि बूट करण्यासारखं काहीच सापडत नाही असा संदेश. हार्ड डिस्क परत लावली तर विंडोज झटकन सुरू. कोणीतरी आधी त्यात विंडोज टाकताना दोन्ही डिस्क जोडलेल्या ठेवल्या होत्या. इन्स्टॉलरला हार्ड डिस्कवर आधीचं ईएफआय पार्टिशन सापडलं, त्याने सुरू करायच्या फाइल तिथेच ठेवल्या आणि विंडोज एसएसडीवर टाकलं. म्हणजे विंडोज एका डिस्कवर, आणि त्याची किल्ली दुसऱ्या, मरायला टेकलेल्या डिस्कवर. त्या दिवशी ती डिस्क पूर्ण गेली असती तर चांगल्या एसएसडीवरचं चांगलं विंडोज असूनही लॅपटॉप बंद पडला असता.

तुमच्या लॅपटॉपमध्ये काय आहे ते असं बघा. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करा, डिस्क मॅनेजमेंट उघडा. खालच्या अर्ध्या भागात ‘डिस्क ०’ आणि ‘डिस्क १’ अशा दोन आडव्या पट्ट्या दिसतील. एक ११९ जीबीची, दुसरी ९३१ जीबीची. प्रत्येक पट्टीत पार्टिशनचे चौकोन असतात. ‘ईएफआय सिस्टीम पार्टिशन’ असं लिहिलेला छोटा चौकोन शोधा, १०० किंवा २६० एमबीचा असेल. तो ११९ जीबीच्या पट्टीत, सी ड्राइव्हच्याच ओळीत असेल तर सगळं ठीक आहे. तो फक्त ९३१ च्या पट्टीत असेल तर तुमची किल्ली हार्ड डिस्कवर आहे.

सी ड्राइव्हच्या चौकोनात ‘बूट’ असा शब्द दिसेल, त्याला भुलू नका. मायक्रोसॉफ्टच्या भाषेत हे उलटं आहे: ज्या पार्टिशनवर विंडोज असतं त्याला ते ‘बूट’ म्हणतात, आणि जिथून लॅपटॉप खरोखर सुरू होतो त्याला ‘सिस्टीम’. हा शब्दांचा घोळ माहीत नसल्यामुळे जाणती माणसंही चुकीच्या डिस्कला हात घालतात.

ईएफआय असा शब्दच कुठे दिसला नाही आणि एखाद्या चौकोनात ‘सिस्टीम’ आणि ‘अॅक्टिव्ह’ असं दिसलं तर तुमची डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने विभागलेली आहे. एनव्हीएमईवरून सुरू व्हायला यूईएफआय, म्हणजे बायोसची नवी पद्धत, लागते असं समजूनच चाला. विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून ‘एमबीआर-टू-जीपीटी’ नावाचं साधन विंडोजमध्येच आहे. डेटा न पुसता ते डिस्क जीपीटी, म्हणजे नव्या पद्धतीची, करून देतं, मग बायोसमध्ये यूईएफआय निवडायचं. अर्थात हे बॅकअप घेतल्यानंतर.

बॅकअपला पर्याय नाही. महत्त्वाच्या फाइल लॅपटॉपच्या बाहेर, वेगळ्या डिस्कवर हव्यात. डी ड्राइव्हवरची प्रत मी बॅकअप धरत नाही, ती त्याच लॅपटॉपमध्ये आहे आणि तुमची हार्ड डिस्कही पाच-सहा वर्षांची आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम चालवून दोन्ही डिस्कची तब्येत बघा. हार्ड डिस्कमध्ये ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (वाचायला अडणाऱ्या जागा) याच्यासमोर शून्याशिवाय काही असेल तर तिथल्या फाइल आधी उतरवून घ्या, बाकी सगळं नंतर.

बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन, हेही आत्ताच बघा. अनेक लॅपटॉपवर, विशेषतः मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या विंडोज ११ वर, डिव्हाइस एन्क्रिप्शन न विचारता चालू झालेलं असतं. मालकाला त्याचा पत्ताही नसतो. सी ड्राइव्हवर कुलपाचं चिन्ह दिसलं तर रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, ४८ आकड्यांची असते, आणि क्लोन (जुन्या एसएसडीची हुबेहूब प्रत नव्यावर) करण्याआधी एन्क्रिप्शन पूर्ण बंद करून डिस्क उलगडू द्या. काम झाल्यावर पुन्हा चालू करता येतं.

क्लोन करायला, एम.२ चा स्लॉट एकच असेल तर नवी एसएसडी यूएसबी एनक्लोजरमध्ये, म्हणजे यूएसबीच्या डबीत, घालून बाहेरून जोडायची. साटाचा आणि एनव्हीएमईचा एनक्लोजर वेगळा असतो, घेताना बघा. एनक्लोजर नको असेल तर तुमच्याकडे दुसरा रस्ता आहे: डी ड्राइव्हवर जागा रिकामीच आहे. रेस्क्युझिला किंवा क्लोनझिला हा मोफत क्लोन प्रोग्राम पेनड्राइव्हवरून सुरू करा, छोट्या एसएसडीची इमेज, म्हणजे फाइलींत बांधलेली प्रत, डीवर ठेवा, एसएसडी बदला आणि तीच इमेज नव्या एसएसडीवर उतरवा. मला एनक्लोजरचा रस्ता आवडतो, कारण काम झाल्यावर जुनी एसएसडी त्यातच घालून वापरता येते. जुन्या लेखांमध्ये मॅक्रियम रिफ्लेक्टची मोफत आवृत्ती सुचवलेली सापडेल, ती कंपनीने बंद केली आहे. एसएसडी बनवणाऱ्या काही कंपन्या स्वतःचा क्लोन प्रोग्राम देतात, तो त्यांच्या एसएसडीवर चांगला चालतो.

पेनड्राइव्हवरून काम करण्याआधी शिफ्ट दाबून ठेवून शटडाउन करा. एरवी फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपलेलं असतं, आणि बाहेरचे प्रोग्राम ती डिस्क घ्यायला कुरकुर करतात.

क्लोन करताना अख्खी डिस्क निवडा, नुसता सी ड्राइव्ह नको. ईएफआय पार्टिशन हार्ड डिस्कवर निघालं असेल तर नव्या एसएसडीवर तीनेकशे एमबी रिकामी राखा. क्लोन झाल्यावर हार्ड डिस्क काढून ठेवा, विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्ट उघडा, विंडोजच्या डिस्कपार्ट या साधनाने त्या जागेत ईएफआय पार्टिशन बनवा, ते फॅट-३२ ने फॉरमॅट करा, आणि ‘बीसीडीबूट’ ही आज्ञा देऊन सुरू करायच्या फाइल तिथे टाका. माझ्या नातेवाइकाचा लॅपटॉप मी असाच सोडवला होता. दहा मिनिटांचं काम आहे, पण डिस्कपार्टमध्ये कोणती डिस्क निवडली आहे ते प्रत्येक आज्ञेआधी यादी मागवून बघा. तो विचारत नाही, सरळ पुसतो.

क्लोननंतर एक गोष्ट हमखास होते. नवी एसएसडी ५०० जीबीची, सी ड्राइव्ह मात्र अजून ११८ चाच, आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ फिकट पडलेलं. कारण सी ड्राइव्ह आणि मोकळी जागा यांच्या मध्ये रिकव्हरी पार्टिशन बसलेलं असतं. विंडोज फक्त लगतच्या जागेत हातपाय पसरू शकतं. रेस्क्युझिलामध्येच जीपार्टेड हा पार्टिशन हलवणारा प्रोग्राम आहे. त्यातून रिकव्हरी पार्टिशन उजव्या टोकाला सरकवा आणि मग सी वाढवा. नंतर विंडोजमध्ये अॅडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टवर ‘रीएजंटसी’ या आज्ञेने माहिती मागवून रिकव्हरी चालू आहे का ते बघा. ते बंद दाखवलं तर त्याच आज्ञेने चालू करता येतं.

लॅपटॉप उघडताना घाई नको. चार्जर काढा, मागचं झाकण काढल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. झाकणाचे स्क्रू एकाच लांबीचे नसतात. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर वरच्या बाजूला फोड येतो किंवा बोर्डला भोक पडतं. म्हणून मी एका पुठ्ठ्यावर लॅपटॉपचा आयत काढतो आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच तो पुठ्ठ्यात रोवतो. झाकण नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने सोडवा, स्क्रूड्रायव्हर घालू नका. एम.२ एसएसडीच्या टोकाला एकच बारीक स्क्रू असतो. तो काढला की एसएसडीचं ते टोक आपोआप थोडं वर उचललं जातं, ते तसंच व्हायला हवं. त्याच तिरक्या कोनात तिला मागे ओढून घ्या. नवी घालताना तोच तिरपा कोन, खाच जुळवून दात पूर्ण आत जाईपर्यंत सरकवा, मग टोक खाली दाबून स्क्रू लावा. दात अर्धवट दिसत असतील तर बाहेर काढून पुन्हा घाला, जोराने दाबू नका. जुन्या एसएसडीवर किंवा तिच्याखाली निळसर मऊ पट्टी असेल तर ती उष्णता वाहून नेण्यासाठी आहे, नव्यालाही लावा.

पहिल्यांदा सुरू करताना जुनी एसएसडी यूएसबीला जोडलेली ठेवू नका. दोन डिस्कची ओळख अगदी एकच असली की विंडोज त्यातली एक ऑफलाइन करतं, आणि बूटचाही गोंधळ होऊ शकतो. साटावरून एनव्हीएमईवर गेला असाल आणि निळ्या पडद्यावर बूट डिव्हाइस मिळत नसल्याची तक्रार आली तर रिकव्हरी मेनूमधून एकदा सेफ मोडमध्ये सुरू करा. तिथे विंडोज योग्य ड्रायव्हर चढवतं आणि पुढच्या वेळी नीट उघडतं. बायोसमध्ये साटा मोड म्हणजे आरएआयडी, रॅपिड स्टोरेज किंवा एएचसीआय जे असेल ते आहे तसंच ठेवा. अनेकजण तिथे काहीतरी बदलून बसतात आणि खापर क्लोनवर फोडतात. विंडोजच्या लायसन्सची काळजी नको, ते मदरबोर्डशी बांधलेलं असतं.

तुमचं विंडोज नीट चालत असेल तर क्लोनच करा. आधीपासून ते अडखळत असेल, अपडेट मधूनच मोडत असेल, कोणे काळी व्हायरस येऊन गेला असेल, तर क्लोनबरोबर ते सगळं दुखणंही नव्या एसएसडीवर येईल. तिथे नव्याने विंडोज टाकणं बरं. ते टाकताना हार्ड डिस्क काढून ठेवा, म्हणजे ईएफआय पार्टिशन नव्या एसएसडीवरच बनेल. अकराव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा इंटेल प्रोसेसर असेल आणि इन्स्टॉलरला एसएसडीच दिसली नाही तर इंटेलचा व्हीएमडी ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्यावा लागतो.

एवढं झालं की डिफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे जुळवणं) नावाच्या जुन्या सवयीला हात लावू नका. विंडोज स्वतःच एसएसडीला ट्रिम, म्हणजे कोणती जागा मोकळी झाली याची सूचना, पाठवत असतं, ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्हज’मध्ये ते चालू आहे एवढं बघितलं की पुरे. जुनी एसएसडी महिनाभर तशीच जपा, काही राहिलं असेल तर तिच्यात सापडेल. मग पुसून एनक्लोजरमध्ये वापरा, पण एकमेव प्रत म्हणून फोटो तिच्यावर ठेवून कपाटात टाकू नका. वीज न मिळता वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या एसएसडीतला डेटा हळूहळू विरू शकतो. हार्ड डिस्कच्या जागी पुढे अडीच इंची साटा एसएसडी लावायची झाली तर ती ७ मिलिमीटर जाडीची असते. तुमची हार्ड डिस्क साडेनऊची निघाली तर सोबत मिळणारी पातळ चौकट लावून जागा भरून घ्या, नाहीतर ती आत हलते.

आता डिस्क मॅनेजमेंट उघडून ईएफआयचा चौकोन ११९ च्या पट्टीत आहे की ९३१ च्या, ते आणि एसएसडीचा मॉडेल नंबर मला कळवा. लॅपटॉपचं मॉडेलही लिहा, म्हणजे स्लॉट कोणता आहे ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघून सांगतो.